जुवाखालची मान : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

चैत्र लागला की माझ्याकडे येणारी पत्रं बदलतात. पावसाळ्यात खांदेसूज आणि खुरांच्या जखमा, पौषात मांजाने कापलेले पक्षी, आणि आता ऊन. या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांत ऊन आहेच. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमध्ये मी एकतीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो. तेव्हा गावातले लोक मला डॉक्टर म्हणत, आता आप्पा म्हणतात. नाव छापू नका असं बहुतेकांनी कळवलं आहे, म्हणून कोणाचंच छापलेलं नाही.

आप्पा, मी कॉलेजला आहे. मार्चमध्ये आमच्या रस्त्यावर उसाच्या टायर गाडीचा एक बैल दुपारी दोनच्या सुमारास डांबरावर बसला, तो उठेना. गाडीवान शेपूट पिरगाळत होता. मी मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि टाकला. दोन दिवसांत तो सगळीकडे फिरला, लोकांनी गाडीवानाला नाही नाही ते लिहिलं. पुढे कळलं की मुकादमाने त्याची गाडी बंद केली आणि तो बायकापोरांसह निघून गेला. बैलाचं काय झालं ते कोणालाच माहीत नाही. मी चुकलो का? आम्हा मित्रांना यावर काम करायचं आहे. कुठून सुरुवात करावी?
— विद्यार्थी, शहादा तालुका

बेटा, बैल बसला तेव्हा तू थांबलास, हे चांगलं केलंस. किती मोटारसायकली न थांबता गेल्या असतील ते तूच पाहिलं असशील. पण थांबल्यावर पहिलं काम मोबाईल काढण्याचं नव्हतं. जू मानेवरून उतरवायचं होतं. पुन्हा असं दिसलं तर आधी दोन माणसं बोलाव, गाडीला टेकू लाव, बैल मोकळा कर. जवळ सावली असेल तर तिथे न्यायचा, उठत नसेल तर त्याच्यावर गोणपाट धरून सावली करायची. मानेवर, छातीवर, पायांवर पाणी ओतत राहायचं. प्यायला द्यायचं तेही थोडं थोडं, बादलीभर एकदम नाही, आणि नळीने किंवा बाटलीने घशात तर मुळीच ओतायचं नाही, पाणी फुप्फुसात जातं. शेपूट पिरगाळली की आतले मणके मोडतात, म्हणून गाडीवानाचा हात धरायचा, पण शिवी न देता. आणि १९६२ या क्रमांकावर फोन करायचा. तो जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

आता तुझ्या व्हिडिओबद्दल. त्यात दोघंच दिसले, बैल आणि गाडीवान. गाडीत ऊस किती भरायचा हे कोणी ठरवलं, भर दुपारची खेप कोणी काढायला लावली, हे त्यात दिसलं नाही. उसतोडीला येणारा माणूस हंगामाआधीच मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन बसलेला असतो. आपल्या नंदुरबार-धुळ्याची कोयत्याची जोडपी दरवर्षी दक्षिण गुजरातच्या बारडोली-सुरत पट्ट्यात जातात, तिथेही हेच. खेप चुकली की उचल फिटत नाही. बैल मेला तर त्याचं घर बुडतं. म्हणजे त्या डांबरावर बैल बसला तेव्हा सगळ्यांत जास्त नुकसान ज्याचं होत होतं, त्याच माणसाचा चेहरा तू जिल्ह्याला दाखवलास. मी हे तुला टोचायला लिहीत नाही. त्याच्या हातून छळ झाला हे खरंच आहे. पण तो गेला आणि त्याच्या जागी दुसरी गाडी आली, तेवढाच ऊस भरून, त्याच वेळेला. बैलाच्या बाजूने पाहिलं तर काहीच बदललं नाही.

बदलायचं असेल तर नियम पाठ करा. ओझं आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठी १९६५ सालचे नियम आहेत, ते १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली केलेले आहेत. जनावराला दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त कामाला लावायचं नाही. सलग ५ तासांपेक्षा जास्त विश्रांतीशिवाय जुंपायचं नाही. आणि जिथे तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथे दुपारी १२ ते ३ या वेळेत जुंपायचंच नाही. आपल्या खान्देशात मार्चपासून जूनपर्यंत ३७ अंश म्हणजे काय ते मी सांगायला नको. टोकाला खिळा बसवलेली पराणीही याच नियमांत बसत नाही. ओझ्याची मर्यादाही लिहून ठेवलेली आहे, बैलाचं अंग आणि गाडीचं चाक कसं आहे त्यावर ती ठरते.

आणि इथेच उसाच्या गाडीची गोष्ट वेगळी होते. शेतातल्या गाडीत किती ओझं होतं ते नंतर सिद्ध करता येत नाही. उसाची प्रत्येक गाडी मात्र कारखान्याच्या वजनकाट्यावर चढते आणि तिची पावती निघते. तारीख, वेळ, वजन, सगळं कागदावर येतं. जादा ओझ्याचा पुरावा कारखान्याच्या दप्तरातच पडून आहे. तो तुमच्या व्हिडिओपेक्षा पक्का आहे, आणि त्यात कोणा गरिबाचा चेहरा नाही.

तेव्हा तुम्ही मित्रांनी दिवाळीच्या आधी, गाळप सुरू होण्यापूर्वी, कारखान्याच्या शेतकी विभागाकडे लेखी निवेदन घेऊन जा. चार मागण्या पुरेत: दुपारी १२ ते ३ बैलगाडीची खेप नको; काट्यावर मर्यादेपेक्षा जास्त भरलेली गाडी दिसली तर शिक्षा गाडीवानाला न करता भरणी ठरवणाऱ्याला जाब विचारा; कारखान्यात ऊस टाकतात त्या गव्हाणीजवळ गाड्यांची रांग लागते तिथे छत आणि पाण्याचा हौद; आणि आठवड्यातून एकदा पशुवैद्यकाची फेरी. रांगेतले बैल तासन्‌तास जुंपलेलेच उभे असतात, हा त्रास रस्त्यावरच्या त्रासाहून कमी नाही, पण त्याचा व्हिडिओ कोणी काढत नाही. निवेदनाची एक प्रत जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला द्या, एक जिल्हाधिकाऱ्यांना. पोच घ्या. पहिल्या वर्षी हौद झाला तरी मी समजेन काम झालं.

वेळ लागेल. रुक्मिणीदेवी अरुंडेल या भरतनाट्यमच्या मोठ्या कलावंत १९५२ मध्ये राज्यसभेवर आल्या. प्राण्यांच्या छळाविरुद्ध त्यांनी खासगी विधेयक मांडलं. नेहरूंनी सरकारच कायदा आणेल असं आश्वासन दिलं, तेव्हा त्यांनी ते मागे घेतलं आणि पुढे १९६० मध्ये कायदा झाला. प्राणी कल्याण मंडळ १९६२ मध्ये स्थापन झालं, त्याच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच. संसदेत बसलेल्या बाईला इतकी वर्षं लागली, तुम्ही दोन हंगाम धीर धरा.

आणि जमलं तर त्या गाडीवानाचा पत्ता मुकादमाकडून काढ. जाऊन भेट. बैलाचं काय झालं ते विचार.

सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यतीला परवानगी दिली आहे. मग शर्यतीत बैलाला मारलं तर तक्रार करता येते की नाही?
— चाळीसगाव तालुका

येते. ७ मे २०१४ रोजी कोर्टाने बंदी घातली, पुढे महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती मान्य केली. पण परवानगी अटींवर आहे. जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, काठी, चाबूक, विजेचा झटका यांना मनाई आहे. अटी मोडल्या तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. मंजुरीचा कागद पाहायला मागा.

माझं मत विचाराल तर शर्यत मला पटत नाही. बैलाचं अंग ओढण्यासाठी घडलेलं आहे, पळण्यासाठी नाही, २०१४ च्या निकालातही हे आलं होतं. आपल्याकडे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला बारागाड्या, एकामागे एक बांधलेल्या गाड्या, ओढतात, तिथे जू माणसाच्या कमरेला असतं. ती परंपरा आपलीच आहे आणि तिच्यात बैल बाजूला उभा राहून कडबा खातो. मला ती जास्त आवडते.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहते. शर्यतीत मारलं तर लाखांचा दंड, आणि रोजच्या रस्त्यावर मारलं तर १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. पन्नास रुपये! चहा-नाश्ताही होत नाही. २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता, तेव्हा मी आमच्या खासदारांना पत्र लिहिलं होतं. तुम्हीही लिहा, आणि पत्रात हा पन्नासचा आकडा मोठ्या अक्षरात लिहा.

आमच्याकडे निमाडी बैलाची जोडी होती, एक गेला. दुसरा सोळा-सतरा वर्षांचा आहे, कामाचा राहिला नाही. घरात चार माणसं, साडेतीन एकर कोरडवाहू. सासरे म्हणतात विकून टाका, मुलगा म्हणतो सोडून द्या. रात्री एक माणूस येऊन भावही सांगून गेला. मला झोप येत नाही. काय करू?
— शेतकरी महिला, पाचोरा तालुका

ताई, आधी कायद्याचं सांगतो म्हणजे घरात बोलताना तुमच्या हातात काही राहील. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाचीही कत्तल करता येत नाही, म्हणून रात्री येणारा माणूस कशासाठी येतो हे सासऱ्यांना कळत नसेल असं नाही. आणि सोडून देणं हाही गुन्हा आहे. भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडलं तर ते १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये येतं. सोडलेला बैल आधी दुसऱ्याच्या शेतात मार खातो, मग महामार्गावर येतो. पारोळ्याच्या पुढे रात्री रस्त्यावर बसलेल्या बैलांना मी ट्रकच्या उजेडात पाहिलं आहे. त्यातला एकही कोणाच्या तरी गोठ्यात नावाने हाक मारल्याशिवाय वाढलेला नव्हता.

पण तुमचा प्रश्न पैशाचा आहे आणि तो मी टाळणार नाही. बसून असलेल्या बैलाला रोज सात-आठ किलो सुका चारा लागतो. सोळा वर्षांच्या बैलाचे दात झिजलेले असतात, त्याच्यापुढे अख्खा कडबा टाकला तर तो निम्मा तुडवतो आणि तुम्हाला वाटतं चारा पुरत नाही. दादरचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा कडबा असेल तर त्याची कुट्टी करा, संध्याकाळी पाणी शिंपडून ठेवा, सकाळी द्या. हरभऱ्याचं, उडदाचं कुटार शेजारी फेकून देतात, ते मागून आणा. महागडी ढेप रोज नको, मूठभर भिजवलेली पुरते. मिठाचा खडा ठेवा. एवढ्यावर तो अंग धरून राहील. कोरडवाहू शेताला त्याचं शेण-मूत्र लागतंच, त्याचा हिशोब सासऱ्यांसमोर मांडा, विकत घेतलेल्या खताच्या गोणीशेजारी मांडा.

कामाचा राहिला नाही म्हणता, म्हणजे वखराचा राहिला नसेल. पाण्याची टाकी, चाऱ्याचा भारा, असलं हलकं ओझं तो सकाळी तासभर आनंदाने ओढेल. म्हाताऱ्या बैलाला रोज थोडं चालणं हवंच, नाहीतर सांधे धरतात. बसायला माती हवी. फरशीवर किंवा सिमेंटवर बसून गुडघे सोलतात आणि मग उठता येत नाही.

अगदीच निभत नसेल तर पांजरापोळ आहे. पण न सांगता एकदा जाऊन पाहून या. हौदात शेवाळ आहे का, जनावरं शेणात बसलेली आहेत का, आजारी वेगळी बांधतात का, मेलेल्या जनावराची नोंद ठेवतात का. दारावरची पाटी वाचून बैल देऊ नका. काही ठिकाणी फार मायेने सांभाळतात आणि काही ठिकाणी नुसती गर्दी असते, दोन्ही मी पाहिलं आहे.

आणि कधी अशी वेळ आली की तो उठतच नाही, अंगाला जखमा पडल्या, डॉक्टर म्हणाले बरा होणार नाही, तर त्यांच्याकडून इंजेक्शन देऊन सोडवता येतं. त्यात पाप नाही. आठ-आठ दिवस तडफडू देण्यात आहे.

तुम्ही पेन्शनीवर बसून आम्हाला शिकवता. कापसाला भाव नाही, केळीवर करपा, व्याज थकलेलं. शेतकरी मरतो तेव्हा कोणी येत नाही आणि बैलाला काठी लागली की कायदा येतो. आधी माणसाचं बघा, मग जनावरांचा पुळका आणा.
— शेतकरी, यावल तालुका

भाऊ, तुमच्या पत्रातलं पहिलं वाक्य खरं आहे. मला महिन्याच्या महिन्याला पेन्शन मिळते आणि तुम्हाला केळीचा भाव काय निघेल ते आदल्या रात्रीपर्यंत माहीत नसतं. हा फरक मी विसरत नाही.

पण तुम्ही म्हणता तसं आधी माणूस, मग जनावर, अशी रांग गोठ्यात लागलेली मी कधी पाहिली नाही. ज्या घरात कर्ज थकतं त्याच घरातल्या बैलाची ढेप आधी बंद होते. ज्या वर्षी पाऊस लांबतो त्याच वर्षी दुबार पेरणीत तो दुप्पट राबतो. तुमचं आणि त्याचं दुखणं एकाच दिवशी सुरू होतं. मी शेतकऱ्यांच्या मोर्चातही चाललो आहे आणि कापसाच्या भावावर बोलायला कोणी बोलावलं तर आजही येईन.

मी जे मागतो त्याला पैसे लागत नाहीत. जुवाचा खडबडीत भाग रंधा मारून गुळगुळीत करा. दोन्ही बैल एका उंचीचे जुंपा, एक उंच एक बुटका असला की बुटक्याची मान सुजते. पावसात मान भिजलेली असताना ओझं टाकू नका. काम संपलं की हात फिरवून पाहा, गरम लागली, टणक लागली, की लगेच थंड पाण्याची पट्टी आणि जू बंद. सूज जुनी झाली तर दवाखान्यातून मॅग्नेशियम सल्फेट आणि ग्लिसरीनचा लेप आणा. पराणीचा खिळा काढून टाका. एवढंच आहे. यातलं एकही तुम्हाला माहीत नाही असं नाही, तुमच्या आजोबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

हे तुमच्या फायद्याचंही आहे. मान सुजलेला बैल ऐन पेरणीत पंधरा दिवस बसतो. पण मी फायद्यासाठी म्हणून सांगत नाही. त्याला दुखतं, म्हणून सांगतो.

आणि मी शिकवतो म्हणता, तर मी काय केलं आहे तेही ऐका. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी गावोगाव गोऱ्हे खच्ची केले. बर्डिझोचा चिमटा, चार माणसांनी पाडून धरलेला गोऱ्हा, आणि बधीर करायला काहीही नाही. आमच्याकडे औषध यायचं नाही आणि ते मागवावं असं आम्हा कोणाला सुचलंही नाही. दिवसाला पाच-सहा करून मी घरी येऊन जेवत असे. एकदा सातपुड्याच्या कडेच्या एका पाड्यावर एक म्हातारी ओट्यावर बसून पाहत होती. काम झाल्यावर तिने मला विचारलं, "डॉक्टर, त्याले दुखस ना?" मी म्हणालो, थोडं. ती काही बोलली नाही, उठून गोऱ्ह्याजवळ जाऊन बसली. त्यानंतर मी बधीर करायच्या औषधाची मागणी लेखी पाठवायला लागलो. पहिल्या दोन मागण्यांना उत्तरही आलं नाही, तिसरीला बाटल्या आल्या. आधीच्या सगळ्या गोऱ्ह्यांचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून भाऊ, वरून बोलतो आहे असं समजू नका. तुमच्या हातून जे झालं नाही ते माझ्या हातून झालेलं आहे.

मुलीचं लग्न वैशाखात आहे. वराकडच्यांना नाचाचा घोडा हवा आहे, डीजेपुढे दोन पायांवर उभा राहणारा. मला ते पाहवत नाही, पण व्याह्यांना नाही कसं म्हणू?
— वधुपिता, दोंडाईचा

दादा, नाही म्हणता आलं तर म्हणाच. नवरदेव पायी आला किंवा गाडीतून आला म्हणून लग्न कमी लागत नाही. पण घोडा ठरलाच असेल तर सुपारी देताना तुम्ही स्वतः जा. सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला मी वर्षानुवर्षं घोडे पाहत आलो, तिथले जाणकार घोडा घेताना आधी तोंड उघडून पाहतात. तुम्हीही तेच करा. ओठांच्या कोपऱ्यात जखम किंवा जुनी पांढरी वळं असतील तर त्याला काटेरी कडी घालून शिकवलेलं आहे. काटेरी कडी कायद्यात बसत नाही. असा घोडा घेऊ नका आणि का घेत नाही ते मालकाला सांगा. पाय उचलून खूर पाहा. खोगिराखालची पाठ पाहा.

मग अटी घाला: दुपारी घोडा आणायचा नाही, ऊन उतरल्यावर अर्धा तास फक्त, डीजेपासून लांब, नवरदेवापुढे वाजंत्री चालेल, फटाके नाहीत, दोन पायांवर उभा करायचा नाही, सावली, पाणी आणि चारा तुमच्याकडून. पैसे मात्र मालकाला पूर्ण द्या, त्याचं पोट त्यावर आहे. व्याह्यांना सांगा की घोडा बिथरला तर वर बसलेला पोरगा त्यांचाच आहे. हे कारण लगेच पटतं.

आमच्या गल्लीतली दोन कुत्री एका रात्रीत मेली. तोंडाला फेस होता. कोणीतरी खाण्यातून काही दिलं असावं. बेवारस कुत्र्यांची तक्रार पोलीस घेतील का?
— निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

घ्यावी लागते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३२५ मध्ये कोणत्याही जनावराला मारणं, विष देणं, अपंग करणं याला ५ वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. त्यात मालक असला पाहिजे असं कुठेही म्हटलेलं नाही.

मेलेलं कुत्रं घाईने पुरू नका. फोटो काढा, आजूबाजूला उरलेलं अन्न उघड्या हाताने न उचलता पिशवीत बांधून ठेवा, आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात शवविच्छेदनाची मागणी लेखी करा. त्या अहवालाशिवाय केस टिकणं अवघड जातं. तक्रारीच्या दोन प्रती, एकीवर शिक्का.

पण साहेब, ज्याने विष दिलं त्याच्या घरात कदाचित एखादं लहान मूल चावलं गेलं असेल. ती भीती खोटी नसते. तेव्हा गल्लीतल्या लोकांना एकत्र बसवा. चावा घेतला तर साबण आणि वाहत्या पाण्याने जखम पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची, हे प्रत्येक घरात सांगा. हळद, मिरची, चुना भरत बसू नका. मग सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज नगरपालिकेला द्या, की नसबंदी आणि लसीकरण करा. २०२३ च्या नियमांप्रमाणे ते त्यांचं काम आहे. ज्याच्यावर तुमचा संशय आहे त्याचीही सही त्या अर्जावर घ्या.

गच्चीवर पक्ष्यांसाठी पाणी ठेवते, पण कोणी येत नाही.
— गृहिणी, अमळनेर

भांडं खोल असेल किंवा उन्हात असेल. मातीचं पसरट परळ घ्या, सावलीत ठेवा, मध्ये एक दगड ठेवा म्हणजे चिमणीला बसता येईल. पाणी रोज बदला. मांजर दबा धरून बसेल अशी जागा नको. आठ दिवस थांबा, येतील. भोवळ येऊन पडलेला पक्षी सापडला तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. चोचीत पाणी ओतू नका.

आप्पा, आमना बैल रडस का? त्याना एक डोयामाईन रोज पानी येस. आजी म्हनस त्याले कामनं दुःख शे. मी सातवीमा शे.
— विद्यार्थी, साक्री तालुका

बेटा, तुझं पत्र मी सगळ्यांत शेवटी ठेवलं, कारण त्याचं उत्तर तुलाच शोधायचं आहे.

एकाच डोळ्यातून पाणी येतं असं तू लिहिलंस, ते फार चांगलं पाहिलंस. दुःख झालं तर दोन्ही डोळ्यांत दिसलं असतं. एकाच डोळ्यातून पाणी येतं तेव्हा बहुतेक वेळा त्या डोळ्यातच काहीतरी असतं. उद्या सकाळी, ऊन चढायच्या आधी, बाबांना बैल धरायला सांग आणि पाहा. डोळ्यात कुसळ आहे का? मोरकीचा दोर त्या बाजूने डोळ्याच्या कडेला घासतो का? बुबुळावर पांढरा डाग, ज्याला आपण फूल पडलं म्हणतो, तो आहे का? आणि पापणी हलक्या हाताने ओढून पाहा, आत पांढऱ्या दोऱ्यासारखी बारीक अळी हलताना दिसते का? ती माश्यांमुळे होते आणि डॉक्टर ती काढून टाकतात, बैलाला लगेच बरं वाटतं.

कोणी तंबाखूची पिंक मारा, मीठ टाका म्हणेल. टाकू देऊ नकोस, डोळा जाईल. स्वच्छ उकळून गार केलेल्या पाण्याने धुवायचं, बस. डोळा बरा होईपर्यंत त्याला उन्हात आणि धुळीत जुंपू नका असं बाबांना माझ्या नावाने सांग.

आजी म्हणते तेही सोडून देऊ नकोस. बैलाला दुखलं की तो दात खातो, कान पाडून उभा राहतो, रवंथ थांबवतो. जेवून झाल्यावर पंधरा मिनिटं त्याच्यासमोर बस आणि तो रवंथ करतो का ते मोज. मग जू ठेवतात तिथे मानेवर हात ठेव. डोळ्यात काय दिसलं, मान गरम होती की थंड, आणि बैलाचं नाव काय, हे मला लिहून पाठव.